निळ्या पट्ट्यांच्या चकत्या

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, सकाळचे साडेआठ. उपस्थित: मी, सुनंदा, माझा नवरा श्रीरंग, जो बंदुकीला हात लावत नाही पण कॉफीचा थर्मास सांभाळतो, आमच्या समोरच्या घरातले वॉल्टर, वय एक्क्याऐंशी, मैदानाचा व्यवस्थापक डेल, आणि आणखी नऊ जण, ज्यांची नावे माझ्या वहीत आहेत, इथे लागणार नाहीत.

आमच्या पार्सिपनी गावाहून पाऊण तासावर, डोंगराच्या कुशीत ठासणीच्या बंदुकांच्या आमच्या क्लबाचे हे मैदान आहे. त्या सकाळी मेपलची झाडे पेटल्यासारखी लाल झाली होती, गवतावर दव होते, आणि पहिला बार उडाला तेव्हा पांढरा धूर धुक्यात मिसळून किती तरी वेळ हललाच नाही. जळलेल्या गंधकाचा तो उग्र वास मला आता इतका ओळखीचा झाला आहे की शरद ऋतू म्हटले की मला चांदण्याआधी तोच आठवतो.

ठासणीच्या बंदुकीत आधी मोजून दारू ओतायची, मग वंगण मुरलेल्या कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी नळीच्या तोंडावर ठेवून गजाने तळापर्यंत ठासायची. ती चकती नळीतल्या वळणदार खाचा घट्ट धरते आणि गोळीला फिरकी देते. बार उडाला की गोळी लक्ष्याकडे जाते, चकती दहा-पंधरा पावलांवर गवतात पडते. चकती वाटेतच फाटली तर गोळी कुठेही भरकटते. इतके महत्त्वाचे काम रुपयाएवढ्या कापडावर सोपवलेले असते, आणि ते कापड आयत्या वेळी, दारूने माखलेल्या हातांनी कापून भिजवणे हा शुद्ध गलथानपणा आहे. म्हणून चकत्या आधी करून ठेवायच्या. गेली चार वर्षे क्लबासाठी त्या मी करते.

या कामात मला आणले वॉल्टरनी. त्यांची बोटे थरथरू लागली आणि कात्री सरळ चालेना, तेव्हा रस्ता ओलांडून ते निळ्या पट्ट्यांचे गादीचे कापड घेऊन माझ्या दारात उभे राहिले. चकत्या कापून दिल्या, म्हणून त्यांनी मला नेम धरायला शिकवले. माझी पद्धत ठरलेली आहे. कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढायची, जाडी मोजायची, चकत्या कापायच्या. मधमाश्यांचे मेण आणि ऑलिव्ह तेल उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळवून त्यात त्या बुडवायच्या, जास्तीचे वंगण लाटण्याने दाबून काढायचे, कारण ओथंबलेली चकती दारू भिजवते. मग दोन दिवस जाळीवर पसरून डब्यात भरायच्या आणि डब्यावर तारीख घालायची. त्या दोन दिवसांत घरभर मेणाचा, उन्हात तापलेल्या पोळ्यासारखा मंद गोड वास असतो. श्रीरंग दर वेळी तोच विनोद करतो: "चरबी कसली लावलीस ते आधी जाहीर कर बाई, नाहीतर क्लबात सत्तावनचं बंड व्हायचं!"

त्या शनिवारी वॉल्टरच्या पाच गोळ्यांपैकी एक कशीबशी कागदाच्या कोपऱ्याला लागली. उरलेल्या चार मागच्या मातीच्या बांधात गेल्या. गोळीबार थांबल्याची शिट्टी झाल्यावर डेलने गवतातून त्यांची एक चकती उचलली. तिच्या चिंध्या झाल्या होत्या. ती दोन बोटांत धरून त्याने सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "सू, किचनमधलं बटर लावलंस की काय याला?"

लोक हसले. माझे नाव सुनंदा आहे, तीनच अक्षरांचे आहे, आणि हे मी डेलला इतक्या वेळा सांगितले आहे की आता सांगायचीही मला लाज वाटते. तो पुढे म्हणाला, "नो ऑफेन्स, पण पुढच्या महिन्यापासून दुकानातली सीलबंद पाकिटं. होममेड बंद." चार वर्षांचे माझे धुणे, मोजणे, लाटणे त्याने एका वाक्यात निकालात काढले, आणि तेही दुसरी चकती उचलून बघण्याचे कष्ट न घेता! वॉल्टर शेजारीच उभे होते. खरे सांगायचे तर मला डेलपेक्षा त्यांच्या गप्प राहण्याचा जास्त राग आला.

श्रीरंग हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. पाकिटं तर पाकिटं. तुझाच व्याप वाचला."

"व्याप माझा आहे," मी म्हटले, "वाचवायचा का ते मी ठरवीन."

पुढची फेरी सुरू होण्याआधी मी पिशव्या घेऊन गवतात उतरले. दवाने बूट भिजले, गुडघे मातीने भरले, पण ज्याच्या त्याच्या जागेसमोर पडलेल्या चकत्या मी वेचल्या आणि प्रत्येकाच्या वेगळ्या पिशवीत नाव घालून ठेवल्या. सगळ्या एकाच डब्यातल्या, एकाच तारखेच्या. माझ्या बंदुकीतल्या अख्ख्या होत्या, कडा जरा उसवलेल्या, मध्ये काजळीची फुली, भोक एकही नाही. इतरांच्याही तशाच. फाटल्या होत्या त्या फक्त वॉल्टरच्या. याचा अर्थ सरळ होता, आणि तो डेलच्या नाकासमोर टेबलावर मांडायला माझे हात शिवशिवत होते. त्याआधी खात्री म्हणून मी वॉल्टरना म्हटले, "तुमची नळी एकदा पुसून बघू का?"

गजाच्या टोकाला कोरडे फडके लावून मी ते तळापर्यंत घातले. आत ते करकरत गेले. बाहेर आले ते नुसते काळे नव्हते, विटकरी झाले होते. गंज. त्याच खरबरीतपणावर चकत्या फाटत होत्या. ही दारू उडवली की त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी लागते, नाहीतर दमट हवेत ती आतून खात जाते, हे मला ज्यांनी दहा वेळा बजावले ते वॉल्टर शांतपणे म्हणाले, "कालच साफ केली, सुनंदा." या मैदानावर माझे नाव पूर्ण उच्चारणारे ते एकटेच.

त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला होता. तो मीच त्यांना वसंतात करून दिला होता: महिने डावीकडे, कामे वर, चौकटी आखून. नळी धुणे, पुसणे, तेल देणे. सप्टेंबरपर्यंतच्या चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. ऑक्टोबरच्याही होत्या. नोव्हेंबरच्या आणि डिसेंबरच्याही होत्या, त्याच पेनाने, त्याच थरथरत्या हाताने, जणू मी चकत्या आधी करून ठेवते तशा त्यांनी खुणा आधी करून ठेवल्या होत्या.

मी झाकण लावले. डेल चार पावलांवर होता. क्लबाचा नियम माझ्याच वहीत लिहिलेला आहे: ज्याला स्वतःच्या बंदुकीची निगा राखता येत नाही, त्याला गोळीबाराच्या रांगेत जागा नाही. आणि नियम योग्य आहे, हेच माझ्या संतापाचे मूळ आहे. चूक असता तर मी तो मोडला असता. वॉल्टरना आठवड्यात घराबाहेर काढणारी ही एकच जागा आहे. इतके दिवस समोरच्या घरात राहून, खिडकीतून हात हलवून, मी त्या चौकटी भरल्या गेल्यात इतकेच पाहत होते.

पिशव्या मी खिशात घातल्या. "ही बंदूक आज मी घरी नेते," मी त्यांना म्हटले, "मला नवीन ब्रश वापरून बघायचाय." ते इतक्या सहज हो म्हणाले की मला त्याचाही राग आला. परतताना पाठीमागच्या सीटवर ते डुलक्या घेत होते, आणि लाल पानांतून गाळून आलेले ऊन त्यांच्या उघड्या तळहातावर येत होते, जात होते.

नळी मी तीनदा धुतली. फडके आता स्वच्छ निघते, पण गंजाने पाडलेले खड्डे भरत नाहीत. फडके अजून अडकते. डेलसाठी लिहिलेला ईमेल, पिशव्यांच्या फोटोंसकट, ड्राफ्टमध्ये आहे. तो पाठवला की माझ्या चकत्या निर्दोष ठरतील. श्रीरंग रोज विचारतो, "पाठवलास?" आणि मी रोज त्याच्यावर खेकसते.

फ्रिजवर नोव्हेंबरची यादी लावली आहे. कापड धुणे, झाले. जाडी मोजणे, झाले. मेण आणणे, झाले. पाकिटे येवोत की न येवोत, चकत्या कापून तयार आहेत. त्याखाली मी 'वॉल्टर' एवढेच लिहिले आहे. पुढे काय करायचे ते लिहिलेले नाही. समोरच्या पोर्चवर ते दुपारभर बसलेले असतात, मला पाहून हात उंचावतात, आणि पेन माझ्या हातात तसेच राहते.