दम खाण्यापुरतं भांडण

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या मामांवर, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अक्षय तृतीयेच्या भर दुपारी. दवाखान्याच्या दारात डिस्चार्जचा कागद हाती देऊन त्यांना सांगितलं गेलं, "काका, तुम्ही ठणठणीत बरे झालात." त्या दुपारपासून अख्ख्या आमगाव तालुक्यात माझ्या मामांइतका भांडखोर माणूस पैदा झालेला नाही, हे मी छातीठोकपणे लिहिते.

त्याआधी याच मामांनी बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यालाही कधी मोठ्यानं हटकलं नव्हतं. आता घरून चौकातल्या चहाटपरीपर्यंत जायचं म्हणजे वाटेत भांडणं ठरलेली. पहिलं सुताराशी. "काऊन गा, रस्त्यावर लाकडं कायले टाकून ठेवतेस?" एवढं बोलून मामा त्याच्याच लाकडावर बसतात आणि सुतार घामाघूम होऊन खुलासा देत राहतो. पुढे किराणावाले शेठजी. "गूळ एवढा काळा कायले?" शेठजी गुळाचा सगळा इतिहास हिंदीत सांगतात, मामा खांबाला टेकून ऐकतात. मध्ये तोडत नाहीत, उलट उत्तर देत नाहीत. भांडण काढायचं, समोरच्याच्या हवाली करायचं आणि त्याचं बोलून झालं की "बरं, पाहू" म्हणून पुढे निघायचं. शेठजी तर मला कौतुकानं म्हणाले, "तुम्हारे मामा लडते बहुत हैं बेटी, पर सुनते भी बहुत हैं. घर में तो मेरी कोई सुनता नहीं."

मीही हसायची. पत्रकं वाटत हिंडणारी मी; मला वाटलं, उशिरा का होईना, मामांना चळवळीचा वारा लागला.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं मंडईच्या जत्रेला पायी निघालो. गावाबाहेरच्या वळणावर एक बंद घर लागलं. मामा थांबले आणि दाराकडे बोट करून गरजले, "काऊन गा, दिवसाढवळ्या दार लावून बसला!"

"मामा, कुलूप आहे."

"माहीत आहे मले." त्यांनी भिंत धरली. बराच वेळ छातीचा भाता चालत राहिला. "आज भांडाले कोणी भेटलंच नाही, पोरी. समोरचा बोलते, तेवढ्यात मी दम भरून घेतो."

"मग सांगत का नाही कोणाला?"

"काय सांगू? कागदावर मी बरा आहो. बांधीत अर्ध्यात बसलो का तुयी मामी अलाल म्हणते. भांडखोर म्हटलं तर चालते मले."

बांधी म्हणजे धानाचं खाचर, आणि अलाल म्हणजे आळशी. धानाच्या गावात याहून जड शिवी नाही.

शहरातल्या एका दवाखान्यात श्वासाचे व्यायाम शिकवतात असं कळलं, तिथे त्यांना ओढत नेलं. धाप लागणाऱ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद! ज्यानं हे ठरवलं त्याच्याबद्दल मी पत्रकात काय लिहिलं ते इथे छापता येणार नाही. मामांनी जिन्याच्या पहिल्या वळणावर वॉचमनशी भांडण काढलं, दुसऱ्यावर मलाच झापलं. वर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी मामांचं सगळं ऐकलं. म्हणाल्या, "थकण्याआधी बसा, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडा, आणि घरी खरं सांगा." पहिल्या दोन गोष्टी मामा लगेच शिकले.

तिसरीसाठी त्यांनी अंगणात चहाचा कप हाती घेतला. "काऊन वो, चहात साखर..." मामी कंबर कसून उभी राहिली. मामा थांबले. "नाही. साखर बरोबर आहे. मले दम लागते. दवाखान्यातून आलो तवापासून."

मामी म्हणाली, "मी अलाल म्हणून राहिली, अन् तुमी ऐकून घेऊन राहिले?" आणि तिनं बाज सावलीत ओढली.

मामा पहिल्यासारखे झालेले नाहीत. काही दिवस चांगले जातात, काही दिवस नुसत्या अंघोळीनं दमतात. पण आता दमले की दमलो म्हणतात, आणि बाजेवर बसून मामीचं सगळं ऐकतात. गावातली भांडणं मात्र कमी झाली, याची मला थोडी हुरहुर वाटते.

तुमच्याही घरात त्या आजारातून कागदावर बरा होऊन आलेला, आणि पुढे आळशी, चिडका, विचित्र ठरलेला कोणीतरी असेल. आज त्याच्याजवळ बसा. दम पुरतो का, विचारा. आणि तो जे सांगेल, ते खरं माना.