गुडघ्यावरचा उजेड

नानांच्या खोलीत शिरलं की आधी पँट मांडीपर्यंत वर सरकवावी लागे. चहा त्यानंतर. बिरवाडीत आमच्या चाळीच्या टोकाला त्यांची खोली. आत एक कॉट, एक रेडिओ, एक सायकल आणि महाडच्या कुणा हाडांच्या डॉक्टरांनी नवा आल्यावर काढून टाकलेला शेकाचा लाल दिवा. एरवी कारखान्याच्या गेटवर तोंडाचा पट्टा सोडणारे आम्ही सायकलवाले त्या दिव्यापुढे मुकाट बसायचो. सरकारात लाल दिवा मंत्र्याला आणि बिरवाडीत नानांना, असं सगळे म्हणत.

दिवा पायापासून किती लांब ठेवायचा, ते नाना हातानं मोजत. एक वीत, चार बोटं. वेळ मोजायची रेडिओवर; एका पायाला तीन गाणी, मधल्या जाहिराती धरायच्या नाहीत. "हलू नगंस. उजीड मुरू दे," म्हणायचे. लोणचं मुरतं तसा उजेड पायात मुरतो, ही त्यांची ठाम समजूत. दमून आल्यावर शेकणारे त्यांना खुळे वाटत. "मागनं शेकून काय उपेग? त्ये म्हातारी बी करत्यात. शर्यतीच्या आधी दे, मंग बघ पाय कसा पळतोय."

शिवजयंतीच्या महाड-पोलादपूर सायकल शर्यतीत मी एका वर्षी अकरावा आलो आणि पुढच्या वर्षी, दिव्याखाली बसून, दुसरा. उजेडामुळे की वर्षभर नानांनी माझ्या मानेवर बसून करून घेतलेल्या सरावामुळे, देव जाणे. पण त्यानंतर दिव्याशिवाय सायकलवर टांग टाकायचा धीर मला होत नसे.

नाना मूळचे वरचे, महाबळेश्वरापलीकडचे. विशीत थोरल्या भावाशी बिनसलं. सायकलीपायी शेतीकडे बघत नाही म्हणून भाऊ चिडला होता. नाना त्याच सायकलवर बसून निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "जा. सायकल इकून यष्टीनं येशील माघारी." नाना घाट उतरून आमच्याकडे आले, कारखान्यात लागले, आणि आले तसे सायकलवरच वर जाणार हे ठरवून बसले. दोन-तीन वर्षांत जाऊही असं त्यांना वाटलं असेल. पण त्याआधीच प्लँटमध्ये एक ड्रम त्यांच्या उजव्या गुडघ्यावर आला.

त्यानंतर रोज पाळी संपली की त्या गुडघ्याला सहा गाणी. दर थंडीत एकदा घाट चढायला निघायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावरून परतायचे. त्यांची आई दरवर्षी सातारा गाडीच्या कंडक्टरकडे शेंगांचं गाठोडं पाठवी, तेवढंच काय ते घर. चहूकडून डोंगर, मधे कारखान्याचा भोंगा, आणि त्यात हा माणूस स्वतःच्या हट्टात कोंडलेला. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. गाडीनं जा म्हटलं की म्हणत, "म्हंजी त्येचंच खरं झालं."

असं वीस वर्षं चाललं. मग एका सकाळी कारखान्यात फोन आला. आईनं अंथरूण धरलं होतं, भेटायचं तर लगेच या म्हणून. मी खोलीवर गेलो तर नाना दिव्यापुढे गुडघा उघडा टाकून बसलेले, आणि चाळीतले दिवे गेलेले. विझलेल्या दिव्यासमोर ते विजेची वाट बघत होते. तासभर बसले. मग उठले आणि सायकल बाहेर काढली. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मीही माझी काढली.

पोलादपूरपर्यंत ठीक गेलं. घाटात चौथ्या वळणावर त्यांचा पाय वाकेना. उतरले, ढकलत चालू लागले, मग कठड्यावर बसले. मागून सातारा गाडी आली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं घंटी मारून गाडी थांबवली. "चढा नाना, सायकली टपावर टाकू."

नाना हलेनात. "पाय जरा गरम हुंदे. जाईन मी."

माझं डोकं फिरलं. त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता मी. म्हणालो, "नाना, आये वाट बघत हाय. तुमचा पाय नाय बघायचा तिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातानं सायकल वर चढवून दिली आणि गाडीत बसले. वाटेत सगळा वेळ गुडघ्यावर तळवा ठेवून होते.

गावच्या फाट्यावर थोरला भाऊ उभा होता. गाडी थांबताच तो टपावर चढला, नानांची सायकल जपून खाली घेतली आणि स्वतःच ढकलत घरापर्यंत नेली.

आई त्यानंतर नऊ दिवस जगली. नाना तिथंच राहिले, बिरवाडीला परत आलेच नाहीत. पोचलो त्या संध्याकाळी आम्ही आत गेलो तेव्हा तिनं त्यांना आवाजावरून ओळखलं, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "कसा आलास?"

"यष्टीनं," नाना म्हणाले.

म्हातारी म्हणाली, "यष्टी तर रोजच हुती की रं."