फाट्यावरची छत्री

छत्रीवाल्याचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर त्याला स्वतःला बाहेर यावं लागे. पण दुकानासमोर त्यानं उभी केलेली छत्री अशी, की तिच्या सावलीत आख्खी बस मावावी. पाण्याच्या पाइपाचा दांडा, लोखंडी सळ्यांच्या काड्या आणि बायकोनं बोटं सुजेपर्यंत शिवलेलं काळं कापड. चाक फिरवलं की ती सावकाश फुलायची, कोंबडीनं पिलांवर पंख पसरावेत तशी. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या थांबत, माणसं माना वर करून बघत राहत आणि छत्रीवाला मिशीतल्या मिशीत हसे.

मग पलीकडून नवा रस्ता झाला. गाड्या तिकडून पळू लागल्या.

"कापड उगाच झिजवायचं कशाला?" तो बायकोला म्हणाला. "बघणारं कुणी आल्याशिवाय उघडायची नाही."

"म्हणजे नव्या नवरीसारखी झाकून ठेवायची म्हणा."

पाऊस आला, गेला. पुन्हा आला. मिटलेली छत्री मान खाली घालून उभीच.

बायकोचा भाऊ भंगाराचा धंदा करायचा. आला की सळ्या चाचपून बघे. "दाजी, माझ्याकडे आलं तर या लोखंडाचं काहीतरी होईल. इथं नुसतं गंजतंय."

"बघायला एक जरी माणूस आलं, तरी ती इथं उभी राहणार."

"आणि नाहीच आलं तर?"

त्यावर दाजी सुई-दोऱ्यात डोकं घाले.

एका दुपारी वाट चुकलेली गाडी दारात थांबली. मागच्या काचेतून एका म्हातारीनं विचारलं, "खरंच उघडते का हो ही?"

छत्रीवाल्याला काय करू नि काय नको असं झालं. त्यानं धुतलेला सदरा चढवला, चाकाला तेल पाजलं, बायकोला हाक मारली. चाक जड चाललं. काड्या वर गेल्या, कापड मात्र घड्यांना चिकटलेलं. फर्र आवाज झाला. मग आणखी एक. कुजलेलं कापड पट्ट्यापट्ट्यांनी खाली आलं आणि वर उरल्या नुसत्या काड्या, त्यांच्यामधून ऊन.

बायको हळूच म्हणाली, "साऱ्या गावाला सांगत आलात, ओली छत्री मिटून ठेवू नका म्हणून."

"हो."

"मग?"

"हीसुद्धा छत्रीच आहे, हे विसरलो गं."

"मोठी आहे हो," म्हातारी समजुतीनं म्हणाली. मग गाडी चालवणाऱ्यानं नव्या रस्त्याची वाट विचारली. छत्रीवाल्यानं हात लांब करून ती नीट दाखवली.

गाडी गेल्यावर बायको पट्ट्या गोळा करू लागली. "पुन्हा शिवू."

त्यानं तिच्या वाकड्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "नको. भावाला निरोप धाड. टेम्पो घेऊन ये म्हणावं."

"उद्या सांगते."

"आजच सांग," म्हणत त्यानं पाना उचलला आणि पहिला नट सैल करायला घेतला.