महाबळेश्वरच्या पावसाची दोरी

प्रशिक्षण या गोष्टीवर मनापासून प्रेम करणारा शिक्षक सबंध महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो माझ्या शेजारच्या वर्गावर होता. बाकी आम्ही सगळे प्रशिक्षणाचं पत्र आलं की आधी तारीख बघतो आणि मग त्या तारखेत कुणाचं लग्न किंवा आजारपण बसतंय का ते बघतो. सर मात्र पत्र दोनदा वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि दिवसभर प्रसन्न दिसायचे. विषय इतिहास-भूगोल. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या शाळेतून सांगली, इस्लामपूर, सातारा, जिथं म्हणून त्या विषयाचं काही असेल तिथं पहिल्या एसटीनं हजर. एकदा तर गणिताच्या प्रशिक्षणाला जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, "आवं मॅडम, जेवणाच्या सुट्टीत भूगोलाचं कुणी ना कुणी भेटतंयच की."

सरांचं घराणं मेंढपाळांचं. लहानपणी ते बापाबरोबर मेंढरांमागं इतके हिंडले होते की दोन जिल्ह्यांचा नकाशा त्यांच्या पायांनाच पाठ होता. चालता चालता चातीवर लोकर कातायची घरची सवयही हातातून गेली नव्हती. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसायचं, पिशवीतून ती लाकडी चाती काढायची आणि तिकडं भाषण सुरू झालं की इकडं सूत. सांगलीला एका सुलभकांनी, म्हणजे आम्हा शिक्षकांना शिकवायला आलेल्या शिक्षकांनी, भर सभागृहात टोकलं, "गुरुजी, हे काय चाललंय?" सर उभे राहिले, हात जोडले. "हात रिकामा ऱ्हायला की मला झोप येती, साहेब. तुमी बोला, माझं कान तुमच्याकडंच हायती." आणि खरंच असायचे हो! भाषण संपलं की सरांचा हात वर, आणि प्रश्न कायम एकच, "हे वर्गात कसं करायचं?" या एवढ्याशा प्रश्नानं भलेभले तज्ज्ञ घामाघूम झालेले मी पाहिलेत. कुणी सांगायचं, पुस्तिकेत दिलंय. कुणी म्हणायचं, चहानंतर बोलू. चहानंतर कोण बोलतंय!

त्या कातलेल्या लोकरीतून सर एक दोरी वळत होते. महाबळेश्वरला वर्षभरात पडणारं पाणी वाहून न जाता जागच्या जागी उभं राहिलं तर जेवढं उंच होईल, तेवढी लांब पांढरी दोरी. शाळेच्या छपरावरून खाली सोडली तरी उरायची. दुसरी काळ्या लोकरीची, आमच्या तालुक्याच्या पावसाची, ती पाचवीतल्या पोराच्या मांडीपाशी संपायची. काळी त्यांनी एका दुपारी उरकली होती. पांढरीला मात्र उभी नोकरी लागली, कारण ती फक्त प्रशिक्षणातच वळायची असा त्यांचा नेम. "समदी भाषणं हितं हायती," असं म्हणून ते दोरीवरून हात फिरवायचे, आणि ही थट्टा की कौतुक, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांची इच्छा एकच होती. एकदा तरी समोरच्या बाजूला उभं राहायचं, तालुक्यातल्या शिक्षकांना ती दोरी दाखवायची, आणि तिच्यावर वर्ग कसा चालतो ते सांगायचं. दरवर्षी सुलभकांच्या यादीसाठी नाव द्यायचे आणि दरवर्षी यादी त्यांच्या नावाशिवाय यायची. संगणकावरचं सादरीकरण जोडा, असं कळवलं जायचं. दोरी कशी जोडणार?

ते निवृत्त व्हायच्या वर्षी वेळापत्रक करायचं काम माझ्याकडं आलं. मी पहिल्यांदा त्यांचं नाव घातलं. शेवटचा दिवस, शेवटचं सत्र, चाळीस मिनिटं. सांगितलं तेव्हा सर नुसते चष्मा पुसत राहिले. आदल्या दिवशी ती अख्खी दोरी रिठ्याच्या पाण्यात धुऊन त्यांनी शाळेच्या कुंपणावर वाळत घातली, आणि पोरं मधल्या सुट्टीत तिच्याखालून वाकून ये-जा करत होती.

आणि मग जे झालं ते लिहायची मला लाज वाटते. समारोपाला येणारे पाहुणे उशिरा आले. आधी त्यांचा सत्कार, मग त्यांच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार, मग भाषणं. एसटीची वेळ गाठायची म्हणून लोक पिशव्या आवरायला लागले. काहीतरी कापायलाच हवं होतं. मी सरांचं सत्र कापलं. पाहुण्यांना थांबवायची हिंमत नव्हती आणि सर रागावणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं, एवढंच त्याचं कारण. मी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन पुटपुटले. मांडीवर दोरीचं वेटोळं घेऊन बसले होते. म्हणाले, "आसू द्या मॅडम. आमच्याकडचा पाऊस आसाच, येतो येतो म्हणतो." आणि चाती काढून कातायला लागले. दोरी कधीच पुरी झाली होती, तरीही.

प्रशिक्षण संपताना प्रत्येकानं अभिप्रायाचा कागद भरून द्यायचा असतो. बहुतेक जण 'छान' लिहून पळतात. महिनाभरानं, सर निवृत्त झाल्यावर, मी तो गठ्ठा तपासायला घेतला. सरांनी आपल्याच सत्राचा कागद भरला होता. सुलभकाची पूर्वतयारी: उत्तम. विषयाचे आकलन: सत्र झाले नाही. आणखी काय हवे होते, या ओळीपुढं त्यांच्या त्या गोल अक्षरात दोनच शब्द होते: चाळीस मिनिटे.

रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेले. अंगणात लिंबाखाली बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर मला थांबवून म्हणाले, "बसा. वही आणलीया न्हवं?" आत जाऊन घड्याळ घेऊन आले, ते समोर ठेवलं, लिंबाच्या फांदीवरून दोन्ही दोऱ्या खाली सोडल्या आणि माझ्या एकटीसाठी सत्र घेतलं. पांढऱ्या दोरीपाशी उभं करून विचारलं, "हितल्या माणसानं घराचं छप्पर कसं बांधावं?" काळीपाशी आणून विचारलं, "आन हितल्या माणसानं मेंढरं घिऊन कुठं जावं, कवा जावं, कवा परतावं?" उत्तर त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मीच बोलत होते, चुकत होते, दोरी धरून मागं-पुढं जात होते. मी वीस वर्षं भूगोल शिकवतेय, पण माझा तालुका मी त्या दिवशी पाहिला.

घड्याळ बघून सर बरोबर वेळेवर थांबले. मग खाली बघत उभे राहिले. त्यांच्या सत्रात पहिली रांग मीच होते आणि शेवटचीही मीच. मी हात वर केला.

"सर, हे वर्गात कसं करायचं?"

त्यांनी मान वर केली. डोळे भरून आले होते. तीस वर्षं लोकांना विचारलेला प्रश्न आज पहिल्यांदा त्यांना कुणी विचारला होता. त्यांनी पांढऱ्या दोरीचं टोक उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"पोराच्या हातात दोरी द्यायची, आन आपुन गप बसायचं," म्हणाले.