घणवाली बोलत नसती

बाईनं घण हाणायचा आणि गड्यानं सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोड्यानं जागा दाखवायची, ही नरसिंग लोहाराच्या घरची रीत. लोखंड तापलेलं असताना घणवालीनं तोंड उघडायचं नाही, हीसुद्धा रीतच. सांडशी ज्याच्या हातात, बोल त्याचा. चांगुणा लग्न होऊन आली तवापासून मुक्यानं घण हाणत आलेली.

अहमदपूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची भट्टी. विळे-कुऱ्हाडी बाजारात आयत्या मिळाया लागल्या आणि भट्टी विझत आली, तेवढ्यात शेषेराव नावाचा पोरगा आला. हा मोबाइलवर नक्षीच्या सुऱ्या विकायचा आणि नरसिंगकडून घडवून घ्यायचा. गाडीचा कमानपाटा आणि करवतीचं पातं एकावर एक रचायचं, जोड धरावा म्हणून टाकणखार टाकून तापवायचं, ठोकून एकजीव करायचं, दुमडून परत ठोकायचं. शेवटी तेजाबात बुडवलं की वाळूवरून पाणी वसरल्यावर रेघा राहतात तशी नक्षी पात्यावर उमटते. नरसिंगला हे काम असं लागलं की जेवायचीबी सुध राहायची नाही.

पण थर जुळायचे ते रंगावर. लोखंड करडईच्या फुलावानी केशरी असंल तर कच्चं. वरणावानी पिवळं होऊन वर तुपागत टाकणखार चकाकला, की हाण. आणि नरसिंगला आता रंगच दिसंना. आगीकडं बघून बघून आतला पडदा जळालाय, लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं. घरी येऊन हा म्हणाला, "मोतीबिंदू हाय. पिकू द्या म्हणला डाक्टर."

मग दोन सुऱ्या गिऱ्हाइकाकडून माघारी आल्या. पातं कांद्यावानी उकललेलं.

"मामा," शेषेराव म्हणाला, "ईतभर लांब पातं करा, पर एकजीव. आता उकललं तर माझं येणं बंद."

"उकलतंय कामून? जा, चहा पिऊन ये."

कामून ते चांगुणाला ठाऊक. दोन्ही वेळेला लोखंड केशरी असताना त्यानं 'हाण' म्हणलं होतं आणि तिनं ते डोळ्यानं बघून हाणलं होतं.

तिसऱ्या सुरीला थर रचले. एवढंच चांगलं लोखंड उरलेलं. भाता फिरला, नरसिंगनं सांडशी बाहेर ओढली, ऐरणीवर धरली.

"हाण!"

घण खाली आला नाही.

"हाण की!"

"केशरी हाय अजून."

नरसिंगनं मान वर केली. "उस्ताद कोण हाय हितं? तुझ्या बापानं तरी भट्टी बगितली व्हती का?"

"माझ्या बापानं तुमालाच नीट बगितलं न्हाई, म्हणून तर ही येळ. घाला माघारी."

त्यानं लोखंड परत आगीत खुपसलं. तिनं वाकून बघितलं. "आता काढा." हा ढिम्म. "अवो, पिवळं झालं! काढा!" बायको म्हणती म्हणून काढायचं? नरसिंग भाता फिरवतच राहिला. आगीतून फुलबाज्यावानी ठिणग्या उडाल्या, तवा त्या त्यालाबी दिसल्या. ओढलं तर पुढचं टोक करपून भाजलेल्या ढेकळावानी भुसभुशीत झालेलं.

नरसिंगनं सांडशी खाली ठेवली.

"दिसत न्हाई मला," नरसिंग म्हणाला. "मोतीबिंदू न्हाई. पडदाच गेलाय."

"ठाव हाय. छन्नी धरा, करपलेलं तोडू. निम्मं चांगलं हाय."

तोडलं. मग, घावाची जागाबी त्याला नीट दिसंना म्हणून, सांडशी तिनं घेतली, लोखंड पिवळं होताच काढलं आणि घण त्याच्यापुढं सरकवला. त्यानं बिनबोलता उचलला. ती हातोड्यानं टिचकी मारायची, तो त्या आवाजावर हाणायचा. मध्येच एक घाव ऐरणीच्या काठावर बसला, तिच्या बोटाजवळ.

"लागलं का?"

"घणवाल्यानं बोलायचं न्हाई. हाणा."

पातं जुळलं. कुठं फट नाही. तेजाबातून काढल्यावर रेघ न् रेघ सुटी दिसली.

शेषेरावनं उजेडात धरून बघितलं, वाजवून बघितलं. "मामा, असलं एकजीव तुमी आधी दिलंच नव्हतं. पर ही तर भाजीची सुरी झाली. गिऱ्हाइकाला ईतभर पाहिजे. ईतभर करून दावा, मंग बघू." सुरी ऐरणीवर ठेवून त्यानं गाडीला किक मारली.

नरसिंगचा उजवा खांदा सुजून कानाला लागला होता. तेवढ्याशा पात्यानं ही गत, तर ईतभर लोखंडाला घण किती लागतात ते दोघांलाबी ठाऊक.

"उद्या?" त्यानं विचारलं.

चांगुणानं त्याचा हात धरून वर उचलून बघितला. छातीच्या वर जाईना. तिनं हात सोडला आणि उद्यासाठी निखारा न राखता भट्टीवर पाणी मारलं.