बाकड्यावर बसून मोजणारे आप्पा

आप्पा आमच्या निपाणीच्या शाखेत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी संगणकाला हातच लावला नाही. बेळगावहून नेटवर्कचा माणूस येणार म्हणून मी टेबल रिकामं केलं होतं, बरी खुर्ची शोधून ठेवली होती, पंखासुद्धा तिच्याकडे वळवला होता. ते आले, "नमस्कार अण्णा" म्हणाले आणि सरळ एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकड्यावर पेशंटांच्या रांगेत जाऊन बसले. खिशातून लांबट वही काढली. आत कोण किती वाजता गेलं, कधी बाहेर आलं, हे लिहू लागले. तवंदीच्या घाटात गाडीवरून पडलेले एक गृहस्थ शेजारी कण्हत होते. त्यांनी विचारलं, "तुमचं काय मोडलंय?"

"माझं कायबी न्हाय," आप्पा म्हणाले. "ह्यांचं मोडलंय. कुठं मोडलंय तेवढं बघाय आलोय."

आप्पा मूळचे नंदगडचे. टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. निवृत्तीनंतर आमच्या तपासणी केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. मुख्य केंद्र बेळगावात, शाखा खानापूरला, लोंढ्याला आणि निपाणीला. निपाणीचा व्यवस्थापक मी. म्हणजे कुलूप उघडणं, सह्या करणं आणि जे समजलेलं नाही त्याच्यावर पत्रं लिहिणं.

त्या वेळी लिहिलेलं पत्र तर फारच ठसठशीत होतं. इथे काढलेले एक्स-रे तारेवरून बेळगावला जायचे, तिथले डॉक्टर बघून अहवाल पाठवायचे. पंधरा दिवसांपासून ते अडकत होते. माणसं हात गळ्यात अडकवून दोन-दोन तास बसायची. पडद्यावर मला दिसलं की सगळी गर्दी एक्स-रे खोलीच्या संगणकातून येते आहे. झालं. मी लिहिलं, "दोष एक्स-रे विभागात असल्याचे स्पष्ट दिसते." एक्स-रे विभाग म्हणजे एकटी शोभाक्का. बारा वर्षं तिथे काम करणारी, दोन पोरींना एकटीने शिकवणारी. साहेबांनी फोनवर सांगितलं, "एकच एक्स-रे चार-चार वेळा काढत असणार. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरी बाई बघू."

त्या गुरुवारी आप्पा आले. शोभाक्का त्यांच्याशी बोलेना, माझ्याशी तर नाहीच. चहा आणून दिला तोसुद्धा असा आपटून, की निम्मा बशीत.

दुपारी मी आप्पांना विचारलं, "पडद्यावर सगळं दिसतंय की. मग हे बाकड्यावर बसून काय?"

"पडदा सांगतोय कुठनं निघालं. काय निघालं, कुठं चाललंय, ते कुठं सांगतोय?" मग माझा चेहरा बघून ते थांबले आणि टेबलावरचा पेपरवेट निपाणी म्हणून ठेवला, स्टेपलर बेळगाव म्हणून. "हितनं बेळगावला जायला दोन रस्ते. एक हायवेनं संकेश्वरावरनं, एक चिक्कोडीवरनं. आपल्याकडंबी दोन लाइनी हायत. एक जाड तार, एक मोबाईलची. कोपऱ्यातली ती पेटी ठरवतीया कुणाला कुठनं सोडायचं. पयलं हे आमी हातानं करत होतो. तार तुटली की लोंढ्याहून फोन यायचा, मग मी उठून बदलायचो. आता पेटी आपलं आपण करती. लई हुशार हाय. पर तिला चाललेलं वाहन वळखता आलं पायजे. न्हायतर ती रुग्णवाहिकेला बी थांबवील, वरातीला बी पुढं सोडील."

मी मान हलवली. पेपरवेट तेवढा कळला.

"मग आपल्या पेटीला काय सांगितलंय?"

"एक्स-रे खोलीच्या संगणकातनं येईल ते सगळं रुग्णवाहिका. त्याला जाड तार, पयला नंबर." आप्पांनी वही मिटली. "सांगणाऱ्याला वाटलं, तितनं दुसरं काय जाणार?"

शुक्रवारी सकाळी त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. वर वहीतली पेशंटांची वेळ, खाली लाइनीवरची रेघ. "बघा. शोभाक्कानं एक एक्स-रे काढला, रेघेनं उडी मारली, खाली आली. दुसरा पेशंट, दुसरी उडी. एकबी जादा न्हाय. बाईचं काम घड्याळावानी हाय." शोभाक्का दारात उभी होती. तिने पदर खोचला आणि ती तिथेच उभी राहिली.

"आणि ही त्याच्या मागची जाड पट्टी?" मी विचारलं.

"ती थांबतच न्हाय. जेवणाच्या सुट्टीत चालू, शटर पडल्यावर चालू. आनि ती बेळगावला बी जात न्हाय, तिसरीकडंच कुठंतरी चाललीया. अण्णा, शटर पडल्यावर हितं एक्स-रे कोण काढतंय?"

मी गंभीरपणे विचार केला. "व्हायरस असेल."

"असंल की," आप्पा म्हणाले. "पर व्हायरस रोज दुपारी सव्वाला जेवाय उठतोय म्हणायचा. त्या येळेला पट्टी फुगतीया."

रोज सव्वाला. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. आमच्या घराण्याचा सगळा इतिहास सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. कोणत्या आत्याचं बारसं कुठे झालं, मच्छे गावच्या काकांनी विहिरीत कुणाला ढकललं, हे सगळं मीच सांगतो. नुकतंच पुतण्याचं लग्न झालं होतं. तीन दिवसांचं चित्रीकरण बेंगळुरूच्या भावंडांना पाठवायचं होतं. घरचं इंटरनेट रांगतं. मला शोध लागला होता की एक्स-रे खोलीच्या संगणकावरून फोटो फार वेगाने जातात. म्हणून शोभाक्का जेवायला गेली की मी पेन ड्राइव्ह घेऊन आत जायचो, हळद, सीमांतपूजन, वरात असं एकेक त्या संगणकावर उघडलेल्या भावंडांच्या सामायिक फोल्डरात टाकायचो आणि 'कॉपी झालं' असं दिसलं की निर्धास्त बाहेर यायचो. माझ्या लेखी ते बेंगळुरूला पोचलेलं असायचं. प्रत्यक्षात ते तिथून निघायला सुरुवात व्हायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, पेशंटांच्या डोक्यावरून.

"आप्पा," मी म्हणालो, "वरात."

"काय?"

"पट्टी. ती वरात आहे. आमच्या पुतण्याची."

दारातून शोभाक्काचा आवाज आला. "म्हंजे सर, माझी नोकरी तुमच्या पुतण्याच्या घोड्याखाली सापडलीया म्हणा की!"

आप्पा हसले नाहीत. त्यांनी आपला अहवाल माझ्यासमोर ठेवला. एक्स-रे विभागाचं काम चोख, लाइनीवर त्याच संगणकातून दुसरं काहीतरी जात होतं. शेवटी 'पाठवणाऱ्याचं नाव'. आणि नावापुढे कोरी जागा.

"इथं काय लिहू?" मी विचारलं.

"ते मला पडद्यावर दिसत न्हाय. मला वाहन दिसतंय, आत बसलेला माणूस न्हाय. ते तुमी लिवा. न्हायतर ऱ्हाऊ द्या तसंच."

मी पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. शोभाक्का बघत होती. जागा तशीच ठेवली असती तर साहेबांनी ती कुणाच्या नावानं भरली असती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. साहेबांनी फोनवर दहा मिनिटं झाडलं आणि शेवटी विचारलं, "लग्नात जेवायला काय होतं?" शोभाक्का आजही तिथेच आहे. वर्षभर तिने मला दर सोमवारी विचारलं, "सर, ह्या आठवड्याला कुणाचं लगीन काढायचं हाय?"

आप्पांनी पेटीची समजूत बदलली. कुठल्या संगणकातून निघालं यावर न जाता काय आहे आणि कुठे चाललंय हे बघून ती आता रस्ता देते. राहिलेलं लग्न दुसऱ्या लाइनीवरून, आपली पाळी धरत, चार दिवसांनी पोचलं. हे मी ठासून सांगतो आहे, पण ते कसं घडतं हे विचारू नका.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. मी नंदगडला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलीने ट्रंकेतून वह्यांची चवड काढली. "आमाला ह्यातलं कायबी कळत न्हाय, तुमी न्या." निपाणीची वही मी बसमध्येच उघडली. गुरुवारचं पान सापडलं. पेशंटांच्या वेळा, एकाखाली एक, बारीक अक्षरात. त्यात एक ओळ अशी:

"१.१५. अण्णा आत. पेशंट न्हाय. १.३५ भाईर. हातात पेन ड्राइव."

म्हणजे पहिल्याच दिवशी. शुक्रवारी ते मला व्हायरसबद्दल बोलू देत होते, तेव्हा हे पान त्यांच्या खिशात होतं. मी ज्याच्या जोरावर पत्र लिहिलं त्यापेक्षा कितीतरी जास्त पुरावा. त्या ओळीखाली त्यांनी आणखी दोन शब्द लिहून ठेवले होते. बस खानापूर सोडून बेळगावात शिरेपर्यंत मी ते वाचत होतो.

"दिसलं. तपासायचंय."