कोणी पाठवलं?

…तर वकीलसाहेबांनी त्या वाटाड्याला दंडाला धरून जिन्याखाली नेऊन सोडलं, इथवर काल सांगून झालं. राहिलं ते हे, की त्याची पडलेली टोपी साहेबांनी झटकून पुन्हा त्याच्या हातात दिली. माणसाच्या जिव्हारी जिना लागला नाही, टोपी लागली!

वाटाड्या म्हणजे कोर्टाच्या फाटकाशी उभं राहून गांजलेली माणसं हेरणारा. त्यांना एखाद्या वकिलाच्या दारात नेऊन घालायचं आणि फीमधला चौथा हिस्सा उचलायचा, हा त्याचा धंदा.

मी साहेबांचा कारकून. शाळा सातवीपर्यंत, पण त्यांचा नियम मला झोपेतही पाठ: पाटीचे पैसे द्यावेत, माणसाचे देऊ नयेत. दारावर नाव रंगवा, पेपरात जागा घ्या, ठरलेली रक्कम भरा, हरकत नाही. पण पक्षकार आणून दिला म्हणून कुणाला फीतला वाटा दिलात, की सनद गेली. वकील मंडळाचा कायदाही तोच. म्हणून नवा माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच साहेब विचारायचे, "कोणी पाठवलं?" पाणी मागाहून. वाटाड्याचं नाव निघालं की खुर्ची रिकामी. चाळीस वर्षं हेच.

मग ती खुर्ची आपसूकच रिकामी राहू लागली. लोक वकीलही फोनमध्ये शोधायला लागले. साहेबांची मुलगी नुकतीच वकील होऊन आमच्याच खोलीत बसायची. तिने एका वेबसाइटवर बापाचं नाव घातलं.

"पाटीच आहे हो काका," ती म्हणाली.

"भाडं किती पाटीचं?"

"भाडं नाही. पक्षकार ठरला की फीमधला पाचवा हिस्सा कापून घेतात."

"म्हणजे वाटाड्यापेक्षा स्वस्त की!"

ती काही हसली नाही. "बाबांना सांगू नका," एवढंच म्हणाली. मीही मूग गिळले. माझंही पोट त्याच खुर्चीवर होतं ना.

माणसं आली. घटस्फोटाची, वाटणीची, अपघाताची. बाकावर जागा पुरेना. साहेबांच्या कोटाला नवी बटणं लागली. आणि मला एक दिसलं. नवा माणूस बसला की साहेब आता म्हणायचे, "पाणी घेता?" मी ओळखलं आणि तोंड फिरवून फायली लावत बसलो.

वर्षाच्या आत मंडळाची नोटीस आली. वाटाड्याचा भाचाही त्याच वेबसाइटवरून आमच्याकडे आला होता. हिस्सा कापल्याची पावती मामाच्या हाती लागली, आणि टोपीचा हिशेब निघाला.

चौकशीला अध्यक्ष कोण? साहेबांच्याच हाताखाली शिकलेला वकील. त्याची नजर टेबलावरून वर येईना.

वाटाड्या मात्र फुलला होता. "साहेब, मी आणला तर दलाली आणि फोनने आणला तर सुधारणा होय? मी निदान त्या माणसाला चालवत तरी आणायचो!"

लोक हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

"खातं कोणी उघडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

मुलगी पुढे झाली. "मी. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं." तिच्या सनदेला अजून तीन वर्षं झाली नव्हती.

अध्यक्ष खुर्चीतून पुढे वाकले. आवाज अगदी खाली आला. "सर, हे तुमच्या नकळत झालं, एवढं एक वाक्य बोला. मी तुमचं नाव वगळतो. तिचं काय ते मग बघू."

बघू म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं. साहेबांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग वाटाड्याकडे. उठून उभे राहिले, आणि जे बोलले ते शब्दाला शब्द असं:

"नकळत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला मी चाळीस वर्षं पहिला प्रश्न विचारला, कोणी पाठवलं. या वर्षी तो विचारायचं सोडलं. उत्तर ठाऊक असल्याशिवाय वकील प्रश्न विचारायचं सोडत नाही, हे तुला मीच शिकवलंय. लिही, माझं नाव लिही."